वहिनीचं चौथं वर्ष

४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू जाऊन सोळा दिवस झाले. रविवारी फोन असतोच, पण तो स्पीकरवर. एका बाजूला दादा, एका बाजूला बाबा आणि मधे तुझी लेक फोन चाटत बसलेली. त्यात तू आणि मी काय बोलणार? ‘जेवलीस का’ आणि ‘ठेवते’. म्हणून हा कागद. शाळेत पत्रलेखन घोकलं होतं, त्याचा मार्कांपलीकडे काहीतरी उपयोग होऊ दे.

भिंगरी मजेत आहे. तू गेलीस तेव्हा दोन दिवस दाराशी जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी विसरली. आता तुझी आठवणसुद्धा काढत नाही, तेव्हा तू अगदी निर्धास्त अभ्यास कर. एक ते चार चष्म्याचं दुकान बंद असतं, तेवढ्यात मी घरी येते, तिला भरवते आणि जवळ घेऊन झोपवते. बाकी वेळ बाबा बघतात. म्हणजे बाबा पेपर बघतात आणि ती बाबांकडे बघते.

बाबांचं काय सांगू! परवा चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून दुकानात आले. मी एका बाईंच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजत होते. डोळे हलवू नका, असं त्यांना बजावलं होतं. तेवढ्यात बाबा सुरू. ‘आमची सून कॉम्प्युटर सायन्समध्ये इंटिग्रेटेड मास्टर्स करते. पाच वर्षांचा सलग कोर्स असतो तो. तीन वर्षं झाली आणि लग्न झालं, मग मुलगी झाली, म्हणून खंड पडला. आता चौथ्या वर्षाला पुन्हा गेलीय. मीच म्हटलं, जा.’ बाईंचे डोळे गेले बाबांकडे. मला तीनदा मोजावं लागलं. ‘आणि ही कोण?’ त्यांनी विचारलं. ‘ही माझी मुलगी,’ बाबा म्हणाले. ‘ही इथेच असते.’

असो. तिकडचं लिही. खोली कशी आहे? वर्गात सगळ्यात मोठी तूच असशील ना?

तुझी नणंद


१३ ऑगस्ट

प्रिय वन्संबाई,

आपण एका वयाच्या, तरी तुला ‘वन्संबाई’ म्हणायला मला फार आवडतं, हे तुला ठाऊक आहे. पत्र बघून इतका आनंद झाला की मेसमध्येच उघडून वाचलं.

हो, सगळ्यात मोठी मीच. माझी खोलीतली जोडीदारीण एकवीस वर्षांची आहे आणि मला काकू म्हणते. आमच्या खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि एक खिडकी. खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो. माझ्या टेबलावर भिंगरीचा फोटो आहे. काकूंच्या टेबलावर दुसरं काय असणार, असं त्या पोरीच्या चेहऱ्यावर दिसतं.

पण अभ्यास उत्तम चाललाय. चार वर्षांचा गंज चढला असेल, अशी भीती होती. तसं काही झालं नाही. गेल्या आठवड्यात सरांनी वर्गासमोर एक विषय मांडायला सांगितला. मी फळ्यापाशी वीस मिनिटं बोलले. सर म्हणाले, ‘हे असं मांडता आलं पाहिजे.’ पोरं बघतच राहिली. बाबांना सांग, त्यांना बरं वाटेल.

एक विचारायचं होतं. ती खरंच आठवण काढत नाही? चांगलंच आहे म्हणा. निघताना मी तुझ्या दादाच्या जुन्या मोबाइलवर माझ्या आवाजात अकरा गोष्टी भरून ठेवल्यात. दुपारी झोपताना तिला त्या लावतेस ना? रोज एक तरी लाव. आवाज कानावर राहिला की पुरे.

तुझी वहिनी


२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

गोष्टी लावते. कावळ्याची तिला विशेष आवडते.

बाबांना फळ्याचं सांगितलं. त्यांनी ते समोरच्या औषधवाल्याला, पोस्टमनला आणि दोन अनोळखी माणसांना सांगितलं. वीस मिनिटांची आता पन्नास झालीत.

भिंगरी नवे शब्द बोलायला लागलीय. ‘काच’ म्हणते, ‘नंबर’ म्हणते. दुकानातली रिकामी फ्रेम नाकावर चढवून देते मी तिला, मग ती घरभर सगळ्यांना तपासत फिरते. तू बघायला हवं होतंस.

तुझ्या कपाटात खालच्या खणात तिसऱ्या वर्षाच्या वह्या सापडल्या. भिंगरी झोपली की माझ्या हाताला काम नसतं, म्हणून चाळल्या. मग चाळता चाळता वाचल्या, आणि मग पेन्सिल घेऊन बसले. छान आहे गं विषय. ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि इकडून तिकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता. पण निळ्या वहीत चाळिसाव्या पानावर तुझं चुकलंय. जे सिद्ध करायचं तेच तू तिसऱ्या ओळीत धरून चाललीयस. शेजारी सरांची बरोबरची खूण आहे, म्हणजे त्यांच्याही नजरेतून सुटलं. मी पलीकडच्या पानावर नीट करून ठेवलंय.

तुला कदाचित कुणी सांगितलं नसेल. बारावीनंतर याच कोर्सला मलाही जागा मिळाली होती. यादीत माझा नंबर नववा होता. आई तेव्हा नुकतीच गेली होती. बाबा म्हणाले, ‘पाच वर्षं लांब? मुलीच्या जातीला पाच वर्षं फार होतात. इथेच बीएस्सी कर.’ केलं. गणितात पहिली आले. मग दुकानात लागले. तुला निरोप द्यायला मात्र ते स्वतः बॅग उचलून स्टँडवर आले. मी भिंगरीला कडेवर घेऊन फाटकात उभी होते, आठवतं? तिला टाटा करायला शिकवत होते.

उगाच लिहिलं. वाचून सोडून दे.

तुझी नणंद


१९ सप्टेंबर

ताई,

तुमचं पत्र मिळालं. वह्यांना हात लावण्याआधी एका शब्दाने विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं. चाळिसाव्या पानावरची चूक खरी आहे. आभार.

तुम्हाला जागा मिळाली होती हे मला माहीत नव्हतं. पण ती तुम्हाला घेता आली नाही, यात माझा काय दोष? मी तेव्हा या घरात नव्हते.

आता मुद्द्याचं. रविवारी फोनवर मी भिंगरीला विचारलं, ‘काय करतेस?’ ती म्हणाली, ‘आई दुकानात गेली.’ मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं, ‘कोण गेलं?’ तर म्हणाली, ‘आई. काच पुसायला.’ मागे बाबा हसले. तुमच्या भावानेही काही म्हटलं नाही.

आई कोण, ताई?

तिला हे कुणी शिकवलं ते मला कळलं पाहिजे. मी इथे दोन वर्षांसाठी आलेय. मुलगी देऊन टाकून आलेली नाही.

वहिनी


६ ऑक्टोबर

सौ. वहिनींस,

काल दादा भिंगरीला तुमच्या माहेरी सोडून आला.

त्याला काही लपवता येत नाही. तुम्ही त्याला लिहिलेलं पत्र त्याने माझ्याच हातात दिलं. म्हणाला, ‘तूच वाच, मला काय करावं कळत नाही.’ वाचलं. ‘तिला स्वतःचं असं काही नाही, म्हणून ती माझं घेतेय. मुलीला माझ्या आईकडे पोचवा.’ अक्षर सुंदर आहे तुमचं.

तिला ते कुणीही शिकवलेलं नाही. शेजारची मुलं भरवणाऱ्या बाईला आई म्हणतात, ते ऐकून तीही म्हणाली. मी शिकवलं नाही. पण चूक दुरुस्तही केली नाही, हे मान्य करते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी तिच्या फ्रॉकची बटणं लावत होते. एक बटण लावायचं राहिलं, एवढंच आठवतंय.

तुम्हाला फळाही हवा, सरांची शाबासकीही हवी, बाबांचा अभिमानही हवा. आणि इकडे एका मुलीच्या तोंडी दोन अक्षरं माझ्या वाटणीला आली, तर तीही परत हवीत. घ्या. तिचे कपडे, दुधाचा पेला आणि रिकामी फ्रेम, सगळं पिशवीत घातलंय. दादाचा हात धरून जाताना तिने मला टाटा केला. तिला वाटलं, दुकानात चाललीय.

बाबांनी कालपासून पेपर उघडलेला नाही.  

पत्राचं उत्तर नको.


२१ ऑक्टोबर

ताई,

नको म्हणालात, तरी लिहितेय. पुढे तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणवणार नाही, म्हणून तू.

मी माहेरी आहे. माझ्या आईचा फोन आला, म्हणाली, भिंगरी जेवत नाही, दिवसभर ‘आई, आई’ करते, तू एकदा येऊन जा. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मुलगी जेवत नाही हे ऐकून मला आनंद झाला. पहिल्या गाडीने निघाले. दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर बसली होती, नाकावर तुझी ती रिकामी फ्रेम. मी हात पसरले. तिने माझ्याकडे नीट बघितलं, जसं पाहुण्यांकडे बघतात. मग माझ्या मागे बघितलं. दाराबाहेर जाऊन जिन्यात बघून आली. परत येऊन मला विचारलं, ‘आई कुठे?’

माझी आई स्वयंपाकघरात निघून गेली.

आता सगळंच सांगते. फळ्यापाशी मी वीस मिनिटं बोलले नाही. चार मिनिटं बोलले. मग सरांनी एक प्रश्न विचारला, तो मला कळलासुद्धा नाही, आणि त्यांनी बसायला सांगितलं. ‘असं मांडता आलं पाहिजे’ हे ते माझ्या खोलीतल्या पोरीला म्हणाले. तिनं मागाहून मला समजावून सांगायचा प्रयत्न केला, ‘काकू, सोपं आहे हो.’ मी तिच्यावर खेकसले. मधल्या परीक्षेत दोन पेपर गेलेत. चार वर्षांत सगळं पुढे गेलंय, आणि माझं डोकं ‘ती जेवली असेल का’ यातून बाहेर येत नाही. तुझी पत्रं यायची, त्यात तिचे नवे शब्द असायचे, आणि ते तू माझ्या आधी ऐकलेले असायचे. मी जळायचे. म्हणून खोटं लिहायचे. निदान एका गोष्टीत तरी तू माझ्याकडे वर मान करून बघावंस म्हणून.

मग तू चाळिसाव्या पानावरची चूक काढलीस.

मी कोर्स सोडतेय. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, तसा अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी देईन. भिंगरीला घेऊन घरी येईन. तू तुझं दुकान बघ, तुझ्यावर कुणाचा भार नको.

वहिनी


२७ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आत सोमवार येईल म्हणून दादाला फोन करायला लावला. त्याने ‘थांब’ एवढंच सांगितलं असणार. का, ते मी सांगते.

अर्ज फाडून टाक.

वाचताना माझ्या अंगाचा इतका तिळपापड झाला की मालकांनी विचारलं, गिऱ्हाईक काही बोललं का. तुझे दोन पेपर गेले? जाऊ देत! माझी अख्खी पाच वर्षं गेली. मला ती कुणी दिलीच नाहीत. तुला दिली, बॅग उचलून दिली, आणि तू ती परत करायला निघालीस? कुणाला? मला तर देता येणार नाहीत. नुसती वाया जातील.

वहिनी, मला तुझा हेवा वाटतो. लग्न होऊन घरात आलीस आणि टेबलावर ती जाडजूड पुस्तकं मांडलीस, तेव्हापासून वाटतो. आजही वाटतो, आणि तुझं पत्र वाचूनही कमी झालेला नाही. पण तू सोडून घरी येऊन बसलीस, तर मी हेवा तरी कशाचा करू? दुकान, जेवण, भिंगरीची झोप, बाबांचा पेपर. तू तिथे आहेस म्हणून या घरात कुणीतरी तिथे आहे.

आता माझं. तुझ्या गोष्टी मी तिला लावल्या नाहीत. पहिल्या दोन दुपारी लावल्या. तुझा आवाज आला की ती मोबाइल उलटासुलटा करून तुला शोधायची आणि मग हुंदके देऊन रडायची. मला बघवेना. बंद केला. इथपर्यंत मी चांगली आहे. पण आठवड्याने ती सावरली, तेव्हा पुन्हा लावायला हव्या होत्या. मी लावल्या नाहीत. त्या तीन तासांत ती माझी असायची, आणि त्यात मला तुझा आवाज नको होता. कावळ्याची गोष्ट तिला आवडते हे खोटं. ती तिने ऐकलेलीच नाही. ती आठवण काढत नाही हेही खोटं. काढायची. पुष्कळ दिवस काढायची.

दादाला लिहिलेल्या पत्रात तू मला जे म्हणालीस, त्यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नकोस.

तुझी परीक्षा नोव्हेंबरअखेर आहे ना? मी मालकांकडे महिन्याची रजा मागितली. चार वर्षांत पहिल्यांदा मागतेय, म्हणून त्यांना नाही म्हणायचं सुचलं नाही. तुझ्या कॉलेजजवळ एखादी खोली बघ. भिंगरीला मी येताना तुझ्या माहेराहून घेऊन येते. दिवसा तू अभ्यास कर, मी तिला सांभाळेन. जेवण तू भरव. दुपारी तिला झोपवायचं तू. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन बसत जाईन.

तिने मला आई म्हटलं तर मी ‘आत्या’ म्हणून सांगेन. दर वेळी. हे वचन समज.

नणंद


६ जानेवारी

प्रिय वन्संबाई,

निकाल लागला. सगळे पेपर सुटले. गेलेले दोन्हीसुद्धा. पुढचं सत्र सुरू झालंय आणि प्रोजेक्ट मिळालाय. हे सगळं फोनवर सांगून झालं आहे, तेव्हा पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र मी महिनाभर उशिरा लिहितेय. का, ते वाच.

तू निघायच्या आदल्या दिवशी, चार डिसेंबरला, मी तुला लॅब दाखवायला नेलं होतं. तू मागच्या बाकावर भिंगरीला मांडीवर घेऊन बसलीस. परीक्षा संपली होती, तरी सर पोरांची उजळणी घेत होते. फळ्यावर एक कृती लिहून त्यांनी विचारलं, ‘ही कधीतरी थांबेलच, याची खात्री काय? कायमची फिरत राहिली तर?’ कुणी बोलेना. मलाही येत नव्हतं. तेव्हा मागून तू म्हणालीस, ‘दर फेरीला उरलेल्या ठिपक्यांतला एक कमी होतो. शून्याखाली तर जाता येत नाही. म्हणजे थांबणारच.’ आणि लगेच भिंगरीच्या नाकाला रुमाल लावलास.

सगळी पोरं वळून बघायला लागली. सरांना तू आमच्यातलीच कुणी वाटलीस. तुम्ही दोघी बाहेर गेलात, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. ‘त्या कोण?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘गणितातल्या पदवीधरांना आपण थेट चौथ्या वर्षाला घेतो. सहा जागा असतात. त्यांना प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. नक्की सांगा.’

मी ‘हो’ म्हणाले, आणि तुला सांगितलं नाही.

जिन्यावर तू विचारलंस, ‘सर काय म्हणाले?’ मी म्हटलं, ‘प्रोजेक्टचं.’ दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघींना गाडीत बसवून दिलं. मग सुट्टीत आठ दिवस घरी आले, तुझ्यासमोर बसून चहा प्यायले, तू माझं डोकं दुखत होतं म्हणून दाबून दिलंस, तरी सांगितलं नाही. महिनाभर तू माझ्यासाठी राबलीस. तू माझ्या मुलीला रोज शंभरदा ‘मी आत्या, आई ती’ म्हणून शिकवलंस आणि तिने तुझ्यादेखत माझ्या गळ्यात हात टाकले, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत उभी राहिलीस. हे सगळं पाहूनही माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. मी त्या फळ्यासमोर उभी राहून गप्प झाले होते, आणि तू रुमाल शोधता शोधता उत्तर दिलंस. या घरात शिकणारी मी आहे, ताई. तेही तू घेशील असं वाटलं.

अर्जाची मुदत चौदा तारखेला संपते. फॉर्म सोबत आहे. पत्र पोचायला चार दिवस लागतात. मी तारखा बघूनच बसले होते. आणखी एक आठवडा गप्प राहिले असते, तर यंदाचं वर्ष आपोआप टळलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. आज सकाळी सरांनी विचारलं, ‘तुमच्या नणंदबाईंचा फॉर्म आला का?’ मी ‘येतोय’ म्हटलं आणि तडक ऑफिसात जाऊन फॉर्म घेतला. त्यांनी विचारलं नसतं तर आज घेतला असता का, हे मला ठाऊक नाही. घेतला असता असं लिहिणार होते. खोडलं.

वहिनी


१२ जानेवारी

वहिनी,

पत्र दहाला मिळालं. काल फॉर्म भरला आणि आज मालकांच्या ओळखीच्या माणसाबरोबर हातोहात पाठवला. उद्या तो तुमच्या ऑफिसात पोचेल. तू जाऊन पावती घे.

तू महिनाभर लपवलंस याचा मला राग यायचा आहे. अजून आलेला नाही, वेळच मिळाला नाही. आला की कळवेन. चांगला येईल असं वाटतं.

बाबांना सांगितलं.  त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, ‘तू नववी होतीस ना गं यादीत?’ मला वाटलं होतं, ते विसरले असतील. मी ‘हो’ म्हटलं आणि आत जाऊन भात लावला.

परीक्षा फेब्रुवारीत आहे. तुझ्या वह्या मी कपाटातून काढून टेबलावर घेतल्यात, आणि या वेळी विचारतेय, घेऊ का?

आता एकच. जागा मिळाली तर जुलैपासून तूही तिथे आणि मीही तिथे. मग भिंगरीने कुठे राहायचं? बाबांपाशी, तुझ्या आईकडे, की तिथेच खोली घेऊन आपल्या दोघींबरोबर? माझं मत मला आहे, ते मी सांगणार नाही. तू ठरव. तिची आई तू आहेस.

तुझी नणंद